अठ्ठाविसावी

मधल्या सुट्टीत तिसरीच्या बाईंनी डबा नुकता उघडला होता, तेवढ्यात वर्गाच्या दारात एक पोरगेलीशी शिक्षिका येऊन उभी राहिली. हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेतून आले, म्हणाली. तिथे वाचनात मागे पडलेल्या बारा मुलांसाठी खास वर्ग सुरू होणार होता आणि तो चालवायला हिची नेमणूक झाली होती. मुलं तिला ताई म्हणत, म्हणून आपणही ताईच म्हणू.

ताईनं पिशवीतून एक कागद काढून डब्याशेजारी ठेवला. त्यांच्या सहावीतली एक मुलगी होती, पाचवीपर्यंत बाईंच्याच शाळेत शिकलेली. जोडाक्षर सोडाच, साधा दोन काने असलेला शब्दही तिला वाचता येत नव्हता. ताईनं तिला वेगवेगळ्या दिवशी तीनदा समोर बसवून खात्री करून घेतली होती. रेकॉर्डवर मात्र या मुलीची तिसरीतच सगळ्यात वरची पायरी लागली होती आणि खाली सही तिसरीच्या बाईंची होती. हे कसं झालं असेल, एवढंच तिला विचारायचं होतं. विचारण्यात खोच नव्हती, आव नव्हता. असती तर बाईंना भांडता तरी आलं असतं.

बाईंनी कागदावरचं नाव वाचलंही नाही. वाचायची गरजच नव्हती. ती भिंगरी होती.

आता ही पायऱ्यांची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वरच्या ऑफिसनं मुलांच्या वाचनाच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. दर वर्षी तपासणीचे साहेब यायचे, एकेका मुलाच्या हातात छापील कार्ड द्यायचे आणि मूल कुठवर वाचतं ते बघून पायरी लिहायचे. प्रत्येक वर्गात शंभरातली नव्वद मुलं गोष्टीच्या पायरीवर असली तर शाळा चांगली. एखादा वर्ग जरी त्याच्या खाली गेला तर शाळा लाल यादीत, आणि लागोपाठ दोन वर्षं लाल यादीत राहिली तर शाळेला कुलूप. आणखी एक शहाणपणा असा, की एकदा गोष्टीच्या पायरीवर नाव चढलं की त्या मुलाची परत तपासणी नाही. वेळ वाचतो म्हणे. आठवीपर्यंत नापास कुणाला करायचं नाही, तेव्हा ते मूल पुढच्या वर्गांतून नुसतं ढकललं जातं आणि कुणाचा बाप त्याला परत एक ओळ वाचायला सांगत नाही.

भिंगरी तिसरीत आली त्याच्या आदल्या वर्षी बाईंची शाळा लाल यादीत जाऊन बसली होती. म्हणजे भिंगरी तिसरीत होती त्या वर्षी सगळ्यांचा जीव टांगणीला. शाळा बंद झाली असती तर सहा-सात वर्षांच्या पोरांना हायवे ओलांडून रोज जावं लागलं असतं, आणि त्या हायवेवर ट्रक कसे सुटतात ते सगळ्यांनाच माहीत होतं. बाई काही हलक्या मनाच्या नव्हत्या. बावीस वर्षं तिसरी शिकवत होत्या, आणि मुलांच्या नाकापासून नखांपर्यंत सगळ्याकडे त्यांचं लक्ष असायचं.

भिंगरीचं खरं नाव दुसरंच होतं. एका जागी बूड टेकायची नाही, म्हणून बाईंनीच तिला भिंगरी केलं होतं. पण आवाज असा खणखणीत, की बाईंनी तिला वाचनाच्या तासाला पुढे उभं केलं. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी बाई वाचणार, मग पुढे उभं राहिलेलं मूल वाचणार, मग त्याच्या मागून सगळा वर्ग एका सुरात. भिंगरीच्या कानावर एकदा पडलं की पक्कं व्हायचं. हातात पुस्तक, ओळीवर बोट, मान डोलवत धडाधड धडा म्हणून मोकळी. वर्षभर बाईंना वाटत राहिलं, वाचावं तर या पोरीनं. बावीस वर्षांचा अनुभव गाठीशी असून बाई अशा फसल्या. एकत्र वाचनात तीस आवाज असतात, त्यात कुणाला येत नाही ते झाकलं जातं. पण पुढे उभी असलेलीलाच येत नसेल, हे कुणाच्या ध्यानीमनी येणार?

तपासणीची कार्डं तीन वर्षं तीच होती. हे शाळांना माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, साहेबांच्या साहेबांनाही माहीत असणार. बोलायचं कुणी? बाईंनीही महिनाभर ती कार्डं वर्गात वाचून घेतली. सगळेच घेत होते.

वर्गात एकतीस मुलं. तिघांना वाचता येत नाही हे बाईंनी आधीच साहेबांना सांगून टाकलं होतं. अठ्ठावीस झाले की नव्वद टक्के भरत होते, सत्तावीस झाले तर नाही. दुपारपर्यंत सत्तावीस मुलं पार झाली आणि राहिली भिंगरी. बाई निर्धास्त होत्या. भिंगरीनं विहिरीतल्या कासवाची गोष्ट घेतली आणि सुरू झाली. एक अडखळणं नाही. साहेब मान खाली घालून आधीच आकडे भरत होते. बाई तिच्या मागे उभ्या होत्या, म्हणून त्यांनाच दिसलं. भिंगरीचं बोट शेवटच्या ओळीच्या शेवटी जाऊन पोचलं आणि तिचं बोलणं अजून चाललंच होतं. दोन अख्खी वाक्यं तिनं कार्डाच्या खालच्या कोऱ्या जागेवर बोट फिरवत म्हटली.

हिला वाचता येत नाही, सगळं पाठ आहे, हे बाईंना तिथल्या तिथे कळलं. साहेबांनी वर बघून विचारलं, काय, गोष्ट ना? बाई म्हणाल्या, हो. आणि भिंगरीच्या पाठीवर हात ठेवून तिला शाबासकी दिली.

मनात त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं, उद्यापासून हिला रोज शाळा सुटल्यावर तासभर घेऊन बसायचं, अगदी अक्षरापासून. खोटं नाही, खरंच ठरवलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात शिक्षकांना घरोघरी माणसं मोजायच्या कामावर जुंपलं. ते दोन महिने चाललं. मग वार्षिक परीक्षा, मग सुट्टी, आणि सुट्टीनंतर भिंगरी चौथीच्या सरांकडे गेली. बाईंनी त्या सरांच्या कानावर घालायला हवं होतं. रोज घालू म्हणत होत्या. सही आपली आहे हेही रोज आठवत होतं. मग रोज आठवेनासं झालं.

एवढं सगळं त्या कागदाकडे बघता बघता बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्यांनी ताईला सांगितलं काय? तिसरीत असताना तिला छान वाचता यायचं. पुढे सवय मोडली असेल, घरी कुणी लक्ष देत नसेल. असं सरळ तोंडावर सांगितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

ताईला ते पटलं नाही, तरी वयाचा मान ठेवून तिनं कागद परत पिशवीत घातला. उठता उठता तिनं बाकीचं सांगितलं. खास वर्गात घालायला मुलाची पायरी खालची असावी लागते. हिची वरची, म्हणून कॉम्प्युटर हिचं नाव घेतच नाही. पहिल्या तपासणीत चूक झाली होती असं तिसरीच्या शिक्षकांनी लिहून दिलं, तरच ते दुरुस्त होतं. नावं द्यायची मुदत शुक्रवारची. बारातली एक जागा ताईनं कशीबशी अडवून धरली होती. आणि मुलगी तशीही फार दिवस शाळेत राहील असं तिला वाटत नव्हतं. आई शिवणकारखान्यात बटणं लावायची, मामा तिथेच इस्त्रीखात्यात. पोरीला अभ्यास नकोच आहे तर सत्र संपल्यावर तिला धागे कापायला आत घेतो, असं मामानं ठरवलं होतं. आई बिचारी अजून मागेपुढे करत होती.

“वर्गशिक्षक तिच्या प्रगतिपुस्तकात दर वेळी एकच लिहितात,” ताई म्हणाली. “येतं, पण करत नाही.”

ती गेली, आणि बाईंचा डबा तसाच परत पिशवीत गेला.

दुसऱ्या दिवशी बाई मोठ्या सरांकडे गेल्या. मोठे सर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. माणूस भला, शाळेचं छप्पर गळतं म्हणून स्वतः शिडीवर चढणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि बाईंना हात जोडले. एक सही मागे घेतली की त्या वर्षीची एकतीसच्या एकतीस नावं उकरली जाणार. मग त्याच्या पुढची वर्षं. मग बाकीचे वर्ग. शाळा आज उघडी आहे ती त्या अठ्ठाविसाव्या नावावर, हे बाईंना सांगायला हवं का? एका मुलीसाठी दीडशे पोरं हायवेवर घालायची का? आणि बाईंच्या निवृत्तीला उरलीत किती, सहा वर्षं. कशाला अंगावर ओढवून घेता, त्या ताईला सांगा जुनं काही आठवत नाही, विषय संपला.

त्यांचं सगळंच खोटं होतं असं नाही, म्हणून तर बाई घुटमळत राहिल्या. बुधवार गेला. गुरुवारी सकाळी वाचनाचा तास होता. एक मुलगा पुढे उभा होता, मागून वर्ग नेहमीसारखा एका सुरात म्हणत होता. बाईंनी मध्येच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग एकेकाला जवळ बोलावलं आणि शिकवला नव्हता असा धडा काढून, एकट्यानं वाचायला लावलं. सव्वीस मुलांना मधली सुट्टी होईपर्यंत वेळ लागला. नऊ जणांना येत नव्हतं. त्यातल्या पाच जणांना येतं असं बाई छातीठोकपणे सांगायच्या. पुढे उभा असलेला तो मुलगाही त्या पाचांतलाच निघाला.

बाई खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की मुलांकडे बघवेना. हायवे, छप्पर, दीडशे पोरं, सगळं खरं होतं. पण मुलांना वाचता येत नसेल तर ही शाळा उघडी कशासाठी ठेवली होती, याचं उत्तर त्यांना सापडेना.

शुक्रवारी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली, दोन ओळींचं पत्र लिहिलं आणि हायवे ओलांडून स्वतः मोठ्या शाळेत नेऊन दिलं. सदर विद्यार्थिनीस तपासणीच्या वेळी वाचता येत नव्हतं, हे मला त्याच वेळी समजलं होतं, तरीही मी चुकीच्या पायरीवर सही केली. ‘चुकून’ हा शब्द त्यांनी आधी लिहिला होता, तो खोडला. ताईनं पत्र दोनदा वाचलं. मग तिनं ते ऑफिसात दिलं, कॉम्प्युटरवर नाव चढवून घेतलं आणि सांगितलं, जागा मिळाली. सोमवारपासून भिंगरी तिच्या वर्गात.

शनिवारपर्यंत हे मोठ्या सरांच्या कानावर गेलं आणि बाई दिसताच ते वाट बदलून गेले. सोमवारी वरच्या ऑफिसातून खुलासा मागणारा कागद येणार हे ठरलेलं होतं. तरी बाईंना किती दिवसांनी हलकं वाटत होतं. आता एकच राहिलं होतं, भिंगरीच्या आईला आपल्या तोंडानं सांगायचं. पोरीला शाळेतून काढू नका, तिला येत नाही यात तिचा दोष नाही, आता तिला शिकवणारं माणूस भेटलंय. मनात बाईंनी वाक्यं जुळवून ठेवली होती. आई चिडेल, चार शब्द सुनावेल. ऐकून घ्यायचे.

रविवारी सकाळी त्या गेल्या. एकच खोली, पण लख्ख. खिडकीखाली शिवलेल्या शर्टांचा गठ्ठा, शेजारी बटणांचे तीन डबे, दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी, काळी वेगळी. सुट्टीच्या दिवशीही काम घरी आणलेलं होतं. बाईंना दारात बघून आई गडबडीनं उठली, मांडीवरचे धाग्याचे तुकडे झटकले, एकुलती एक खुर्ची पुसून पुढे केली. भिंगरी कोपऱ्यावरच्या नळावर पाणी भरायला गेली होती. आई आपणहूनच बोलायला लागली. तिसरीपर्यंत किती हुशार होती पोरगी, तुमच्या हाताखाली होती तोवर सोनं होती, पुढे काय अवदसा आठवली कोण जाणे. तिसरीत तपासणीनंतर पोरीच्या पायरीचं, बाईंच्या सहीचं कार्ड घरी आलं होतं, ते तिनं जपून ठेवलं होतं. फळीवरच्या डब्यातून काढून तिनं ते बाईंच्या हातात दिलं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण ‘गोष्ट’ कुठे लिहिलंय ती जागा तिला पाठ होती. तिनं बोट ठेवून दाखवली.

जुळवलेली वाक्यं बाईंनी सोडून दिली. मग त्यांनी कसंबसं, खाली बघत, सरळ सांगून टाकलं. हे खोटं आहे. तिला तेव्हाही वाचता येत नव्हतं. मला माहीत होतं.

आईला आधी कळेना. तिनं दोनदा विचारलं, म्हणजे नंतर विसरली का? बाई म्हणाल्या, विसरली नाही, कधी आलंच नव्हतं. मग आईनं कार्ड बाईंच्या हातातून परत घेतलं आणि त्याच्याकडे बघत बसली. चिडली नाही. तिचा आवाजही चढला नाही.

“आमच्याकडे प्रत्येक शर्टात चिठ्ठी असते, बाई,” ती म्हणाली. “बटण कुणी लावलं त्याचा नंबर. तुटलं तर माल माझ्याकडे परत येतो. मला वाटलं, सरकारी कागद आहे, त्यावर सही आहे. तो कसा चुकेल?”

बाई खुर्चीवरून उतरून खाली, तिच्यासमोर बसल्या.

“ती मला सांगायची,” आई म्हणाली. “चौथीपासून सांगायची. आई, मला वाचता येत नाही गं. रडून सांगायची. मी हे कार्ड काढून तिच्यापुढे धरायचे. म्हणायचे, बाई खोट्या आणि तू खरी? आणि मारायचे. पट्टीनं मारलंय मी तिला, बाई. हातावर मारलंय, पाठीवर मारलंय. एकदा दिवसभर दाराबाहेर उभी केली, सगळ्या गल्लीसमोर, खोटं बोलते म्हणून. मामाकडूनही मारून घेतलं. मला वाटायचं, मला आलं नाही, निदान हिला येतंय, तर ही वाया घालवतेय.” ती हातातल्या कार्डाची घडी करायला गेली, पण ते जाड होतं, मोडेना. “वर्ष झालं, आता ती सांगत नाही. मला वाटलं, सुधारली.”

सहीची किंमत बाईंनी आजवर स्वतःच्या नोकरीत मोजली होती, शाळेच्या कुलपात मोजली होती. हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि या घरात आपण रडावं याचीही त्यांना लाज वाटली.

तेवढ्यात भिंगरी आली. उंच झाली होती, गालफडं बसली होती. बाईंना बघून ती दारातच थबकली, हातातला हंडा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. मग तिचं लक्ष आईच्या हातातल्या कार्डाकडे गेलं.

आई उठून तिच्यासमोर गेली. “पोरी,” ती म्हणाली, “तू मला जे सांगायचीस ना, ते परत सांग. बाईंसमोर सांग. मी काही करणार नाही.”

भिंगरीनं हंडा खाली ठेवला. एकदा आईकडे बघितलं, एकदा बाईंकडे.

“येतं मला वाचता,” ती म्हणाली.

आईनं सांगितलं, नाही गं, तुझंच खरं होतं, बाई स्वतः सांगायला आल्यात, बघ. बाईंनीही मान हलवली, हो म्हणाल्या, माझंच चुकलं म्हणाल्या. भिंगरी दोघींच्या तोंडाकडे नीट बघत राहिली. हा नवा डाव काय आहे, यातून सुटायला कुठलं उत्तर द्यायचं, हे ती शोधत होती.

“येतं मला. मीच आळस करते. उद्यापासून वाचीन.”

आईनं तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. भिंगरी दोन पावलं मागे सरली, दोन्ही हात पाठीमागे लपवले, आणि तेच परत म्हणाली, जरा मोठ्यानं.